दोरीचं दुसरं टोक

धोंडोपंतांनी शिडीवरून पाऊल सोडलं, आणि ते खाली गेलेच नाहीत. म्हणजे गेले, निम्म्यापर्यंत गेले, पण मग कुणीतरी मधेच दंड धरावा तसे थांबले. पायाखाली जमीन नाही, हाताशी शिडी नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाऊल सोडायचं, पोटात खड्डा पडायचा, कानाशी दोरी सरसरायची आणि टाचा खालच्या गादीवर धप्पकन आपटायच्या. तेवढ्यात दोरीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली राणी रंगमंचावरून उठून पार छताजवळच्या अंधारात पोचलेली असायची. प्रेक्षकांच्या तोंडून एक लांबलचक ‘आ’ निघायचा. तो ‘आ’ ऐकायला धोंडोपंत डोळे मिटून घ्यायचे. आज डोळे मिटलेले, पण टाचा काही आपटेनात, म्हणून त्यांनी ते उघडले. तालीम असल्यामुळे मधला काळा पडदा अजून टांगला नव्हता, आणि समोर, अगदी त्यांच्याच उंचीवर, राणीचं काम करणाऱ्या बाई लोंबकळत होत्या. जड जरीचा झगा, डोक्यावर मुकुट, चेहऱ्यावर मरणानंतरची शांती. बाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

“धोंडोपंत, हे काय हो?”

“काही नाही. लटकलोय.”

“ते मलाही दिसतंय. तुम्ही इथे कसे?”

खालून दिग्दर्शक ओरडत होता. “बाई, वर जा! वर जा म्हणतो ना!”

“मी कशी जाऊ? त्यांना सांग खाली जायला!”

धोंडोपंतांनी अंग जड करून पाहिलं. श्वास सोडला, पाय ताणले, मनातल्या मनात खाली ढकलून पाहिलं. दोरी जरा कुरकुरली आणि गप्प झाली. दोघं सावकाश गोल फिरू लागले. बाईंची पाठ दिसली, मग बाजू, मग पुन्हा चेहरा, आणि या वेळी तो चेहरा हसू दाबत होता. आता आपल्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं, असं धोंडोपंतांना वाटलं. ते वाट पाहत राहिले. शरम आली, नाही असं नाही. पण तिच्या आधी भलतंच काहीतरी आलं आणि छातीत ठाण मांडून बसलं. तो आनंद होता. त्याचं काय करावं हे कळायच्या आत दोन रंगमंच कामगारांनी त्यांचे घोटे धरून त्यांना खाली ओढलं.

धोंडोपंत हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. नाटक कंपनीत पहिल्यांदा आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, दोरीला बांधायला धोंडा शोधत होतो, तो चालतच आला, आणि तेव्हापासून ते धोंडोपंत. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट घरी निरोप द्यायला आलेल्या माणसाला ते स्वतःच दारात सांगायचे, “धोंडोपंत ना? मीच तो.” राणी वर जाते ती काही यंत्राने जात नाही, एक माणूस खाली येतो म्हणून जाते, आणि तो माणूस आपण, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर छातीवर बिल्ल्यासारखी मिरवली होती, फक्त तो बिल्ला कुणाला दिसत नसे. काळे कपडे, काळे बूट, काळा पडदा आणि पडद्यामागे काळोख. वजन तर हवंच, पण नुसत्या वजनाने काय होतं, असं ते म्हणत. पोतं सोडलं तर राणी हिसका बसून उठेल. बाई शेवटचं वाक्य बोलतात, त्यानंतर एक श्वास घेतात; तो श्वास भरत आला की पाऊल सोडायचं. लवकर नाही, उशिरा नाही. बाईंना सर्दी झाली असेल तर श्वास अडखळतो, मग पाऊलही तेवढंच थांबलं पाहिजे. टाळ्या सुरू झाल्या की धोंडोपंत पडद्यामागे, काळोखात, दोरीला धरून कमरेतून वाकायचे. हे कुणालाही माहीत नव्हतं. बायकोलाही नाही.

आणि त्या वजनाचा अभिमान त्यांना सहजासहजी आला नव्हता, त्यासाठी लहानपण खर्ची पडलं होतं. घराजवळच्या बागेत मुलांसाठी एक लाकडी सी-सॉ होता. एका टोकाला आपण बसायचं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी, मग वर-खाली. धोंडोपंत बसले की त्यांचं टोक जमिनीला टेकायचं ते टेकायचंच. दुसऱ्या टोकावर एक मुलगा चढायचा, मग दुसरा, मग तिसरा त्याच्या मांडीवर, फळी ढिम्म. मुलं वरून पाय हलवत किंचाळायची आणि ते खाली, गुडघे हनुवटीशी घेऊन, तोंड वर करून विचारायचे, “वरून काय दिसतं रे?” कुणी म्हणायचं तुझ्या घराचं छप्पर, कुणी म्हणायचं समुद्र, आणि समुद्र तर तिथे कुठे नव्हताच. घरी आई म्हणायची, खात्यापित्या घरचं पोर आहे, दृष्ट लावू नका. आई पुढ्यात बटाटे वाढायची, भात वाढायची, आणि तो सी-सॉ पोटात बुडून जायचा. पुढे कंपनीत शिडीवरून पहिली उडी मारली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाचं माणूस भर्रकन वर गेलं, तेव्हा त्यांना ती फळी आठवली होती. फरक एवढाच की इथे खाली राहिल्याबद्दल टाळ्या होत्या.

मग गुडघे गेले. आधी शिडी चढताना कुरकुरले, मग घराचा जिना चढताना, मग नुसतं खुर्चीतून उठताना. रक्त तपासलं तर त्यात साखर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण बोलायला एकदम रोखठोक. “पिठाचं, साखरेचं सगळं कमी करायचं. पाव, भात, बटाटे, बिस्किटं, फळांचा रस, सगळं. अंडी खा, मासे खा, पालेभाज्या भरपूर खा, शेंगदाणे मूठभर. बघू काय होतं.” धोंडोपंतांनी विचारलं, याने मी बारीक होईन का. त्या म्हणाल्या, “व्हाल. पण पहिल्या झटक्यात उतरतं त्यातलं बरंचसं पाणी असतं, तेव्हा लगेच शेफारून जाऊ नका. भूक कमी लागेल, साखर आटोक्यात येईल, हा फायदा. डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, पायात गोळे येतील, घरच्यांवर खेकसाल, हा तोटा. आणि खरा तोटा असा की बहुतेक माणसं वर्षभरात कंटाळतात आणि होती तिथे परत येतात. दुसरी पथ्यं नेटाने पाळली तरी शेवटी साधारण तेवढंच उतरतं. तुम्हाला कुठलं झेपतंय ते महत्त्वाचं. आणि गोळ्या मी सांगेन तशाच कमी करायच्या, मनाने नाही.” यातलं धोंडोपंतांच्या डोक्यात एकच वाक्य राहिलं: बहुतेक माणसं परत येतात. बहुतेक माणसांत आपली गणती व्हावी हे त्यांना मुळीच पसंत पडलं नाही. त्यांनी त्याच दिवशी सुरुवात केली.

डोकं दुखलं. पायात गोळे आले. तोंडाला असा चमत्कारिक वास येऊ लागला की बायकोने विचारलं, तुम्ही नखांचा रंग पुसायचं औषध पिता की काय. पोटाबद्दल तर बोलायलाच नको. ते दारावर खेकसले, बुटांवर खेकसले, एकदा तर काकडीवरही खेकसले. आणि मग एका सकाळी उठले तर आतली ओढच थांबलेली. जन्मभर पोटात कुणीतरी ताट वाजवत बसलं होतं, ते उठून गेलं. दुपारी डोळे मिटेनात. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, मग आणखी एक. जिना चढले तेव्हा वर पोचल्यावर लक्षात आलं की आपण कठड्याला हातच लावला नाही; ते मुद्दाम खाली गेले आणि पुन्हा चढून आले. पुढच्या तपासणीत साखर उतरलेली निघाली, एक गोळी बंद झाली. रक्तातल्या चरबीचा आकडा जरा वाढला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी लोण्यावरून कानउघाडणी केली, तीही त्यांनी कौतुकासारखी ऐकून घेतली. आरशासमोर ते आधी कधी थांबत नसत. आता थांबू लागले, गालाचं हाड बोटाने चाचपू लागले. हे हाड आपलंच, आणि इतकी वर्षं आत होतं, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

मात्र घरात एक गोष्ट बिनसली. बायको पाव भाजायची. आठवड्यातून तीनदा, पहाटे पीठ मळून, आणि तिच्या हातचा पाव म्हणजे वरचं कवच कडकडीत, आत ऊन ऊन लुसलुशीत. लग्नानंतर पहिल्यांदा तिने तो पुढे ठेवला तेव्हा धोंडोपंतांनी अख्खा संपवला होता, आणि त्यांच्यात प्रेमाबद्दल जे काही बोलणं झालं ते तेवढंच. आता ते ताट बाजूला सारू लागले. पाव भाजणं मात्र बायकोने थांबवलं नाही. हातांना सवय, हात कसे ऐकतील. घरात ठेवला तर तुम्ही खाल, असं म्हणून ती तो अख्खाच्या अख्खा फडक्यात बांधून त्यांच्याबरोबर कंपनीत पाठवायची. वाटेत फडक्यातून ऊब हाताला लागायची, वास नाकात जायचा, आणि धोंडोपंत मान ताठ करून चालायचे. कंपनीत पोचले की ते गाठोडं ते पहिल्यांदा दिसेल त्याच्या हवाली करायचे, आणि पहिल्यांदा दिसायच्या त्या बाई, कारण बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या असत.

कंपनीत मात्र कुणाच्या काही लक्षात आलं नाही. हे त्यांना लागलं. रोज वाटायचं, आज कुणीतरी म्हणेल, अहो धोंडोपंत, काय हे, अर्धे राहिलात! पण काळ्या ढगळ कपड्यांतला, काळोखातला माणूस कोण निरखून बघतो? आणि आपण होऊन सांगायचं म्हणजे अभिमानाचा सगळा भावच उतरला. कंपनीत जुना रिवाज होता: हंगामाच्या सुरुवातीला सामानघरातल्या काट्यावर आधी राणीने उभं राहायचं, मग वजनाच्या माणसाने, आणि फरक पुरेसा आहे का ते बघायचं. पण धोंडोपंतांचं वजन म्हणजे भिंत, भिंतीला कोण रोज मोजतो, असं म्हणत तो रिवाज कधीच मागे पडला होता. या वर्षीही कुणी काट्याचं नाव काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही. त्या दिवशी, हंगामातल्या पहिल्याच उडीला, शिडी चढताना एकदा मनात पाल चुकचुकली होती, पण बाईंचा श्वास भरत आला आणि पाऊल सुटलं.

घोटे धरून खाली ओढल्यावर दिग्दर्शकाने दोघांना सामानघरात नेलं आणि काट्यावर उभं केलं. धोंडोपंतांचा आकडा बघून त्याने काट्याला लाथ मारून पाहिली. मग बाई झगा सावरत चढल्या, आणि तो आकडा बघून सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघताय?” बाई म्हणाल्या. “यांचाच पाव आहे हा. इतके महिने यांच्या बायकोचा पाव मी एकटीने खाल्लाय. तो यांच्या अंगाला लागायचा, माझ्या लागला.”

सगळे हसले, दिग्दर्शक सोडून. “प्रयोग पंधरवड्यावर आलाय. धोंडोपंत, दोनच मार्ग. एक तर मी मोटर बसवतो, बटण दाबलं की राणी वर. नाहीतर तुम्ही मुकाट्याने पूर्वीसारखं खायला लागा.”

“मोटरला माझा श्वास कळेल का?” बाईंनी विचारलं.

“बाई, श्वास प्रेक्षकांना कुठे दिसतो?”

“त्यांना दिसत नाही. यांना दिसतो.”

बाईंचं ते वाक्य मनात घोळवत धोंडोपंत घरी चालत निघाले, नेहमीच्या रस्त्याने, दिव्यांच्या खांबांखालून, बेकरीच्या काचेवरून, आणि पहिल्यांदाच त्या काचेसमोर उभे राहिले. आत पावांच्या रांगा होत्या. काचेत स्वतःचा चेहरा होता, गालाच्या हाडासकट. हा चेहरा त्यांनी कमावला होता. जेवणाच्या टेबलावर एकेक घास नाकारून, गोळे आलेली पोटरी चोळून, लग्नाच्या जेवणात नुसता मासा आणि काकडी पुढे घेऊन बसून, लोकांचं ‘एवढ्याशाने काय होतंय’ ऐकून घेऊन. आणि शिडीवरचं ते पाऊल, तेही त्यांनीच कमावलं होतं. आता एक ठेवायचं तर दुसरं सोडायचं. मोटर बसली तर आपण कोण? घरात बसलेला एक बारीक माणूस. त्यांना भीती वाटली, खरीखुरी, आणि भीतीबरोबर कितीतरी दिवसांनी भूक लागली.

घरी पाव नुकताच निघालेला होता. त्यांनी न बोलता सुरी घेतली, जाडजूड तुकडा कापला आणि ताटात ठेवला. बायको ओट्याशी पाठमोरी होती, ती वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. तो त्यांनी पाहिला. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचा आनंद जागच्या जागी विझला.

“आवडीने खाताय की नाइलाजाने?”

त्यांनी सगळं सांगितलं. लटकणं, काटा, मोटर, पंधरवडा. ती उभ्यानेच ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने पुढे होऊन तो तुकडा ताटातून उचलला.

“माझा पाव काय दगड आहे, पोटात भरायला? तुम्हाला दगडच हवा ना? मग तो बाहेरून बांधा. कमरेला. नाटक झालं की सोडून ठेवा. गुडघे तुमचे आहेत, रात्री चोळते मी.”

“बांधलेलं वजन म्हणजे खोटं वजन.”

“आणि राणी खरी मरते वाटतं रोज?”

अपमान गिळायला धोंडोपंतांना अंडी, मासे आणि बरीचशी रात्र लागली. सकाळी मात्र ते सगळ्यांच्या आधी कंपनीत गेले, सामानघर उघडलं, आणि पडदे ताणायला वापरतात त्या लोखंडी पट्ट्या जाड कापडी पट्ट्यात शिवायला बसले. किती शिवायच्या हे काट्यानेच सांगितलं: जेवढं गमावलं तेवढं, आणि शिवाय बाईंनी कमावलेलं. पट्टा तयार झाला तेव्हा तो दोन हातांनी उचलताना त्यांच्या तोंडून हुंकार निघाला. त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. एवढं? हे एवढं अंगावर घेऊन आपण शिडी चढत होतो, जिना चढत होतो, झोपत होतो? कुणाचं कौतुक करावं, त्या जाड्या धोंडोपंतांचं की या बारीक, त्यांना नीट ठरवता येईना. दोघांबद्दलही त्यांची छाती भरून आली. पट्टा त्यांनी आधी दोरीने शिडीवर ओढून घेतला आणि वर चढूनच कमरेला बांधला. गुडघ्यांशी आता त्यांचा सलोखा होता, तो बिघडवायचा नव्हता. दिग्दर्शकाने आधी पोतं बांधून चार वेळा, मग माणूस बांधून सहा वेळा करून पाहिलं, दोरी तपासली, गादी दुप्पट केली, आणि मगच मोटरचं नाव सोडलं. डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या पुष्कळ वेळ हसल्या, गुडघे दाबून पाहिले, आणि म्हणाल्या, आता साखर बरी आहे, डाळी आणि फळं हळूहळू चालू करा, आणि बायकोच्या हातच्या पावाची एक पातळ चकती, जाड्याभरड्या पिठाची असली तर. ती चकती बायकोने इतकी पातळ कापली की तिच्यातून खिडकी दिसत होती. धोंडोपंतांनी ती सावकाश खाल्ली. प्रेमाबद्दल त्यांच्यात झालेलं ते दुसरं बोलणं.

पहिला प्रयोग दुपारचा होता. काळा पडदा टांगलेला, काळोख नेहमीचा. बाई शेवटचं वाक्य बोलल्या, श्वास घेतला, तो भरत आला, आणि पाऊल सुटलं. पोटात खड्डा, कानाशी सरसर, टाचा गादीवर धप्प. ‘आ’ आला, मग टाळ्या. धोंडोपंत कमरेतून वाकले, पट्ट्यामुळे नेहमीपेक्षा थोडे कमीच.

प्रेक्षक पांगले. पहिल्या रांगेत एकटी बायको बसून होती. दर वर्षी ती यायची, राणीकडे न बघता काळ्या पडद्याकडे बघत टाळ्या वाजवायची आणि तिथूनच घरी जायची. या वर्षी तिला थांबायचा निरोप बाईंनी पाठवला होता. बाईंनी मुकुट काढला, झगा तसाच ठेवला, आणि कामगारांना पडदा बाजूला करायला सांगितलं.

“धोंडोपंत, तो पट्टा सोडा बघू.”

“कशाला?”

“त्या दिवशी वर तुमचं तोंड मी पाहिलंय. सगळे घाबरले होते, तुम्ही खुशीत होतात. का ते सांगितलं नाहीत तरी चालेल.”

त्यांनी बकल सोडलं. लोखंड गादीवर पडलं आणि अंग एकदम रिकामं, हलकं झालं. दिग्दर्शकाने दोन्हीकडच्या कड्या तपासल्या आणि कुरकुरत बाजूला झाला. कामगारांनी दोरी ओढून बाईंना पुन्हा वर नेलं: बाई अधांतरी, धोंडोपंत खाली. कसं करायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. गुडघे वाकवून पाय जमिनीवर रोवायचे आणि रेटायचं, हे त्यांनी लहानपणी बागेत शेकडो वेळा केलं होतं, फक्त त्याने कधी काही झालं नव्हतं. त्यांनी रेटलं.

जमीन सुटली. शिडीच्या पायऱ्या एकामागून एक खाली जाऊ लागल्या, मध्यावर बाई समोरून खाली गेल्या, मुकुटाशिवायच्या, हसणाऱ्या. मग ते आणखी वर गेले, दिव्यांच्या रांगेपर्यंत, जिथे आजवर फक्त राणी गेली होती. खाली बाईंचे पाय जमिनीला टेकले. त्यांनी लगेच रेटलं नाही. त्या तशाच गुडघे वाकवून, तोंड वर करून, थांबून राहिल्या. पहिल्या रांगेत बायको उभी राहिली होती आणि एकटीच टाळ्या वाजवत होती, आणि या वेळी जिथे बघायला हवं तिथेच बघत होती.

“अहो धोंडोपंत,” बाईंनी खालून विचारलं, “वरून काय दिसतं?”

धोंडोपंतांनी नाक ओढलं.

“थांबा हो,” ते म्हणाले. “अजून बघतोय.”